आधी ऊब, मग पाणी, मग पीठ : खाणं नाकारणाऱ्या पोपटाच्या पिल्लाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक प्रश्नांचा गाभा एकच आहे: हातानं भरवलं जाणारं पिल्लू अचानक खायचं थांबलं, आता काय? म्हणून हे सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरांत ‘पीठ’ म्हणजे पोपटाच्या पिल्लांसाठी मिळणारं तयार हँडफीडिंग फॉर्म्युला, आणि ‘पिशवी’ म्हणजे गळ्याच्या खाली, छातीच्या वर असलेला क्रॉप. गिळलेलं अन्न आधी तिथं साठतं आणि मग थोडं थोडं पोटात उतरतं.

प्रश्न : मध्यम आकाराच्या जातीचं, अंदाजे तीन आठवड्यांचं पिल्लू आहे. पंखांवर पिसांचे कोंब फुटलेत. काल दुपारपासून सिरिंज जवळ नेली की मान फिरवतं. रात्री चोच उघडून दोन मिली घातलं, त्यातलं बरंचसं बाहेर आलं. परवा वजन ६७ ग्रॅम होतं, आज ६२. पाय गार लागतात. पिशवीत अजून थोडं पीठ हाताला लागतं. उपाशी मरेल या भीतीनं दर तासाला भरवून बघतेय. काय चुकतंय?

उत्तर : भरवणं आत्ता थांबवा आणि पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून आजचीच वेळ घ्या. या वयाच्या पिल्लाचं वजन रोज वाढायला हवं. तुमच्या पिल्लाचं दोन दिवसांत सात टक्क्यांहून जास्त उतरलंय, त्यामुळे उद्याची वाट बघण्यात अर्थ नाही. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत जे करायचं त्याचा क्रम ठरलेला आहे: ऊब, पाणी, आणि सगळ्यात शेवटी पीठ.

ऊब आधी, कारण अंगाचं तापमान टिकवायची ताकद या वयात पुरती आलेली नसते. अंग गार पडलं की पिशवीच्या आणि आतड्याच्या स्नायूंची हालचाल मंदावते. वरून घातलेलं पीठ पुढं सरकत नाही. ते ओलसर पिशवीत पडून आंबतं, त्यात बुरशी आणि जंतू वाढतात आणि पिल्लाची उरलीसुरली भूकही जाते. तुम्ही दर तासाला भरवायला जाताय ते पोटी माया आहे म्हणून, हे कळतं. पण गार पडलेल्या पिल्लाला पीठ घालणं हे त्याला उपाशी ठेवण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे.

प्लास्टिकचा किंवा पुठ्ठ्याचा खोका घ्या. हीटिंग पॅड कमीत कमी तापमानावर लावून खोक्याच्या बाहेरून, निम्म्याच तळाखाली ठेवा. आत जाड सुती फडक्याच्या दोन-तीन घड्या घाला. फडक्याचे दोरे निघालेले नकोत, ते नखांत अडकतात. भोकं पाडलेल्या झाकणाच्या डबीत ओला स्पंज ठेवला तर हवा कोरडी पडत नाही. ५० ते ६० टक्के आर्द्रता चांगली. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर हवा, भिंतीला वर टांगलेला उपयोगाचा नाही. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लाला ३५ ते ३६.५ अंश सेल्सिअस लागतं, पिसांचे कोंब आलेल्याला साधारण ३० ते ३२. तुमचं आजारी आहे, म्हणून ३२-३३ ठेवा. निम्मा तळ गार ठेवतात तो पिल्लाला सरकता यावं म्हणून, पण अशक्त पिल्लू सरकत नाही, तेव्हा नजर तुम्हीच ठेवायची. चोच उघडी टाकून धापा टाकत असेल, पंख अंगापासून दूर धरले असतील तर दोन अंश कमी करा. दिवा वापरणार असाल तर नॉनस्टिक थराचा बल्ब किंवा हीटर अजिबात नको. तो तापला की निघणाऱ्या वायूनं पक्षी काही मिनिटांत मरतात.

अर्ध्या-पाऊण तासानं पायाच्या बोटांना हात लावून बघा. बोटं उबदार लागली की पाण्याकडे वळा. अंगातलं पाणी कमी झालेल्या पिल्लाची कातडी लालसर, सुरकुतलेली, ताणल्यासारखी दिसते. पोटाजवळ चिमटीत हलकेच धरून सोडली तर घडी क्षणभर तशीच राहते. तोंडातली लाळ चिकट, तार धरणारी असते. अशा पिल्लाला बिनस्वादाचं ओआरएस पाकिटावरच्या प्रमाणात कालवून ३८-३९ अंशांवर द्या. ६२ ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी एक ते दीड मिली, त्याहून जास्त नाही. चोचीच्या कडेला एक थेंब लावायचा, त्यानं स्वतः गिळला तरच दुसरा. गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. अशा वेळी डॉक्टर कातडीखाली कोमट सलाईन टोचतात, आणि पाणी अंगात पोहोचवायचा तो कितीतरी सुरक्षित मार्ग आहे. साखर किंवा मध घातलेलं पाणी नको, त्यावर पिशवीतली बुरशी पोसली जाते.

तासाभरानं पिशवी पुन्हा चाचपा. पाणी गेल्यावर जुनं पीठ पातळ होऊन खाली उतरत असेल तर आणखी एक-दीड मिली देता येईल. पिशवी पूर्ण रिकामी झाल्यावरच पीठ, तेही पहिल्या एक-दोन वेळा पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मं पीठ घालून पातळ केलेलं, एका वेळी फार तर दोन मिली. ते चार तासांत उतरलं तर पुढच्या वेळी तीन, मग चार. निरोगी पिल्लाची एका वेळची मर्यादा वजनाच्या दहा टक्के, म्हणजे तुमच्याकडे सहा मिली. आजारी पिल्लाला तिथवर पोहोचायला दोन-तीन दिवस लागू द्या.

डॉक्टरांकडे जाताना वजनाचे आकडे, शेवटचं पीठ किती वाजता व किती मिली दिलं, पिशवी शेवटची पूर्ण रिकामी कधी बघितली, खोक्याचं तापमान आणि पिठाचं पाकीट एवढं सोबत घ्या. ताज्या विष्ठेचा फडक्याचा तुकडा झाकणबंद डबीत न्या. विष्ठेत नुसतं गडद हिरवं आणि पांढरं दिसत असेल तर आतड्यात अन्न पोहोचलेलं नाही, हे डॉक्टरांना त्यावरून लगेच समजतं.

प्रश्न : माझं पिल्लू दोन-तीन घास घेतं आणि मग तोंड बंद करतं. पिशवी अर्धीही भरत नाही. पीठ कोमट आहे हे मनगटावर थेंब टाकून बघते. डॉक्टरांनी तपासून पिल्लू ठीक असल्याचं सांगितलं.

उत्तर : मनगट सोडा, टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर घ्या. पिल्लाला पीठ ३९ ते ४१ अंशांत हवं असतं. ३८ च्या खाली गेलं की बरीच पिल्लं तोंड फिरवतात. दोन-तीन घासांनंतर थांबणं ही याचीच खूण आहे: सुरुवातीला पीठ ठीक असतं, भरवताना निवतं. एक मिलीच्या बारीक सिरिंजमध्ये तर ते बघता बघता गार होतं. पिठाची वाटी ४३-४४ अंशांच्या पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवा, भरलेल्या सिरिंजही त्याच पाण्यात उभ्या करा, आणि दर सिरिंजआधी ढवळून पुन्हा मापा.

दुसऱ्या टोकाला त्याहून मोठा धोका आहे. ४३-४४ अंशांच्या पुढचं पीठ पिशवी आतून भाजतं. भुकेलं पिल्लू गरम पीठही गटागटा गिळतं, त्यामुळे त्या वेळी काहीच कळत नाही. काही दिवसांनी छातीवरची कातडी लाल होते, मग तिथं कोरडी काळपट खपली धरते, आणि खपली सुटली की भोकातून पीठ बाहेर झिरपून छातीची पिसं ओली राहतात. मेलेली आणि जिवंत कातडी स्पष्ट वेगळी झाल्याशिवाय डॉक्टरही टाके घालत नाहीत, कारण भाजलेल्या कडेवर टाके टिकत नाहीत. तोवर पिल्लाला थोडं थोडं भरवत जगवावं लागतं. मायक्रोवेव्हमध्ये पीठ तापवू नये ते याचसाठी: वरचा भाग ३९ अंश दाखवतो आणि मधे ५० अंशांचा गोळा असतो. पाणी आधी तापवा, मोजा, मग त्यात पीठ घाला.

तापमान बरोबर असूनही पिल्लू थांबत असेल तर घट्टपणा बघा. पीठ कालवल्यावर दोन मिनिटं फुगतं, म्हणून घट्टपणा लगेच ठरवायचा नाही. फुगल्यावर ते चमच्यावरून सलग धारेनं ओघळलं पाहिजे. गोळ्यागोळ्यानं पडलं तर फार घट्ट. ते पिशवीत अडतं आणि अंगातलं पाणी ओढून घेतं. पाण्यासारखं वाहिलं तर पोट भरल्यासारखं वाटतं पण वजन वाढत नाही, आणि काही दिवसांत पायाची बोटं बारीक, डोकं मोठं असं खुंटलेलं रूप दिसायला लागतं. उरलेलं पीठ दर वेळी टाकून द्या. पुन्हा तापवून दिलेलं पीठ हे पिशवी आंबण्याचं नेहमीचं कारण आहे.

प्रश्न : भरवताना ठसका लागला आणि नाकातून पीठ आलं. तेव्हापासून पिल्लू सिरिंजला घाबरतं. चमचा बरा का? की नळीनं थेट पोटात घालावं?

उत्तर : नाकातून थोडं पीठ येऊन पिल्लानं लगेच डोकं झटकलं आणि श्वास पूर्ववत झाला, तर बहुतेकदा निभावतं. नाकपुडी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसा. वाळलेलं पीठ भोक बुजवतं. पण पुढच्या दोन दिवसांत श्वासाबरोबर टिक-टिक किंवा घरघर ऐकू आली, दर श्वासाला शेपटी खालीवर होत असेल, चोच उघडी टाकून श्वास घेत असेल, तर पीठ श्वासनलिकेत गेलंय असं धरून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ठसका लागलेल्या पिल्लाला उलटं धरून झटकू नका. पिशवीतलं उरलेलं पीठ त्यानं घशात येतं आणि उरलेली हवाही अडते. त्याला मोकळं ठेवा, स्वतःचं स्वतः खोकू द्या.

ठसका का लागला हे समजून घ्यायला तोंडाच्या आत बघावं लागेल. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुंध्याशी, अगदी मध्यावर असतं. अन्ननलिका मागून मानेच्या उजव्या बाजूनं खाली जाते. उजवी म्हणजे पिल्लाची उजवी. भुकेलं पिल्लू भरवताना डोकं लयीत वरखाली करतं. ही लय चालू असताना श्वासाचं भोक मिटलेलं असतं, आणि पीठ सोडायची वेळ तीच. लय थांबली की भोक उघडतं. त्याच क्षणी तुमच्या सिरिंजमध्ये दाब असेल तर पीठ फुप्फुसाकडे जातं. खायला नकार देणारं पिल्लू ही लय धरतच नाही, म्हणून त्याच्या तोंडात जबरदस्तीनं घातलेला प्रत्येक घास हा धोका आहे.

म्हणून पद्धत अशी. पिल्लू तुमच्याकडे तोंड करून, खडबडीत फडक्यावर, पाय पसरणार नाहीत असं बसवा. सिरिंजचं टोक पिल्लाच्या डाव्या कडेनं आत, रोख उजव्या बाजूच्या मागच्या कोपऱ्याकडे. चोचीच्या दोन्ही कडांच्या मऊ भागाला अंगठा आणि तर्जनीनं हलकेच दाबलं की बरीच पिल्लं डोकं हलवायला लागतात. लय सुरू झाली की सोडा, थांबली की दट्ट्यावरचं बोट उचला. अर्धा मिली झाला की एक श्वास घेऊ द्या.

सिरिंजची अवस्थाही तपासा. सारख्या वापरानं दट्ट्याचं रबर कोरडं पडतं. मग जोर लावला तरी सरकत नाही, आणि पुढच्या क्षणी एकदम सुटून दोन मिली पीठ उसळतं. तुमच्याकडे ठसका लागला तो असाच लागला असण्याची शक्यता बरीच आहे. दट्टा जरासाही अडकत असेल तर सिरिंज टाकून द्या. टोकाला रबरी किंवा सिलिकॉनची नळी लावत असाल तर काढा. ती निसटून पिल्लाच्या पिशवीत गेल्याची प्रकरणं पक्ष्यांच्या दवाखान्यांत नेहमीची आहेत.

सिरिंजची भीती बसलेल्या पिल्लाला चमचा नक्कीच बरा. लहान स्टीलच्या चमच्याच्या दोन्ही कडा आत वळवून पन्हळ करा आणि कड खालच्या चोचीला टेकवा. वेग पिल्लू ठरवतं, त्यामुळे ठसक्याची शक्यता सगळ्यात कमी. वेळ लागतो, पीठ निवतं, छाती बरबटते. तरी शिकाऊ माणसाला आमचा सल्ला चमच्याचाच.

नळीनं पिशवीत अन्न सोडणं हा उपचार आहे. अनुभवी हात तो अर्ध्या मिनिटात करतात, आणि न खाणाऱ्या पिल्लाला अनेकदा त्यानंच तगवलं जातं. पण नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर पिल्लू हातातच जातं, जोर लागला तर अन्ननलिका फाटते. लेख वाचून किंवा व्हिडिओ पाहून हे करू नका. पिल्लाला रोज नळीची गरज असेल तर डॉक्टरांनी समोर बसवून, त्यांच्या देखरेखीखाली तुमच्याकडून करून घेतल्यावरच घरी करा.

प्रश्न : पिशवी दहा तासांनंतरही भरलेली आहे, तोंडाला आंबूस वास येतो. पिल्लाला उलटं करून, पिशवी दाबून रिकामी करावी असं सांगितलं गेलं. करू का?

उत्तर : नाही. उलट्या धरलेल्या पिल्लाची पिशवी दाबली की आंबलेलं द्रव थेट श्वासनलिकेच्या तोंडावर येतं. या एका कृतीनं पिल्लू तिथल्या तिथं दगावू शकतं. डॉक्टर नळी घालून पिशवी कोमट सलाईननं धुतात, आणि काढलेल्या द्रवाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशी दिसली तर एक औषध, जंतू दिसले तर दुसरं. तो थेंब न बघता दिलेलं अँटिबायोटिक बुरशीला मोकळं रान देतं.

मोजमाप असं ठेवा: एका वेळचं पीठ चार ते सहा तासांत उतरलं पाहिजे, आणि चोवीस तासांत एकदा तरी, सहसा पहाटे, पिशवी पूर्ण सपाट झाली पाहिजे. सहा तासांनी अर्ध्याहून जास्त शिल्लक असेल तर नवं पीठ घालू नका. जुन्यावर नवं घातलं की जुनं सडतच राहतं आणि नवंही नासतं. तापमान तपासा, थोडं कोमट ओआरएस द्या, दोन बोटांनी अगदी हलकेच, गाठ विरघळेल इतपतच चोळा. दोन तासांत फरक नाही तर दवाखाना. तुमच्याकडे दहा तास आणि वास दोन्ही आहे, म्हणजे घरचे उपाय करण्याची वेळ टळली आहे.

पिशवी थांबण्याची कारणं शोधल्याशिवाय ती पुन्हा थांबते. गार खोका, गार पीठ, घट्ट पीठ, क्षमतेपेक्षा जास्त भरवणं ही आपल्या हातातली कारणं. खोक्यातला लाकडाचा भुसा किंवा कागदाचे तुकडे गिळून पिशवीत बोळा होणं, हे एक. म्हणून पिल्लाखाली भुसा घालूच नये. तोंडात, टाळ्यावर पांढरे चिकट ठिपके दिसले तर कॅन्डिडा नावाची बुरशी असण्याची शक्यता मोठी. त्यावरचं निस्टॅटिन आतड्यातून रक्तात शोषलं जात नाही, ते जिथं लागतं तिथंच काम करतं. म्हणून ते पिठात मिसळून न देता रिकाम्या पिशवीवर, भरवण्याच्या थोडं आधी दिलं जातं. मात्रा डॉक्टर वजनावरून सांगतील. आणि काही वेळा पिशवीचा दोष नसतोच: पॉलिओमा किंवा बोर्ना विषाणू, रक्तातला जंतुसंसर्ग, यकृताचा आजार, या सगळ्यांत पिशवी थांबणं हे पहिलं दिसणारं लक्षण असू शकतं.

एक गोष्ट वेगळी ओळखायला शिका. घाईनं खाणाऱ्या पिल्लाच्या पिशवीत हवा शिरते. ती टम्म दिसते, पण हाताला फुग्यासारखी हलकी लागते, आणि पिल्लू भुकेलं ओरडत असतं. इथं भरवणं थांबवून पिल्लाला उभं धरलं की काही मिनिटांत हवा निघते. पिशवी सैल होऊन खाली लोंबत असेल तर तळातलं पीठ वर येतच नाही. त्यावर डॉक्टर छातीला मऊ पट्टीचा आधार बांधतात. ती पट्टी श्वास न आवळता बांधावी लागते, म्हणून पहिली त्यांच्याकडूनच.

प्रश्न : सात आठवड्यांचं कॉकाटील. पिसं पूर्ण आली आहेत, उडायला लागलंय. सकाळचं आणि दुपारचं पीठ थुंकतं, संध्याकाळचं घेतं. वजन ८८ वरून ८३ ग्रॅमवर आलं. आजारी असेल का?

उत्तर : तुम्ही लिहिलंय त्यावरून ते दूध सुटायच्या, म्हणजे पीठ सुटायच्या वयात आलंय. या काळात सर्वोच्च वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत घट चालते; तुमची सहाच्या आत आहे. सकाळचं आणि दुपारचं बंद करा, संध्याकाळचं त्यानं स्वतः नाकारेपर्यंत चालू ठेवा. जमिनीलगत उथळ ताटलीत भिजवलेले पेलेट (पोपटांसाठी मिळणारे तयार खाद्याचे दाणे), बारीक चिरलेल्या पालेभाज्या, कणसातल्या धान्याची लोंबी आणि उथळ पाणी ठेवा. ताटलीत चोच मारणं आणि पोटात जाणं यात फरक असतो, म्हणून संध्याकाळी भरवण्याआधी पिशवी चाचपा. दाणेदार काही लागलं तर ते खरंच खातंय. वजन ७९ च्या खाली गेलं, किंवा ते पिसं फुलवून दिवसा झोपत असेल, तर मात्र हे उत्तर बाजूला ठेवा आणि तपासून घ्या.

प्रश्न : पाच आठवड्यांचं, आईबापांनी भरवलेलं पिल्लू. आई मेली, बाप भरवत नाही. तपासणीत निरोगी आहे, पण माझ्या हातात आलं की गुरगुरतं, चमचा-सिरिंज काहीच घेत नाही.

उत्तर : ते घाबरलंय. भुकेपुढं भीती हरेल या हिशेबानं त्याला ताटकळत ठेवू नका. भीती बराच वेळ जिंकते आणि वजन तेवढ्यात उतरतं. खोली मंद उजेडाची करा. पिल्लाला मऊ फडक्यात सैलसर गुंडाळा, डोळ्यांवर फडक्याची कड येऊ द्या. पोपटाची पिल्लं चिमणीच्या पिल्लासारखी आ वासत नाहीत. आईबाप चोचीत चोच अडकवून हलवतात आणि त्यानं पिल्लाला खायची लय सापडते. तेच तुम्ही बोटांनी करायचं: चोचीच्या बुंध्याला दोन बाजूंनी धरून हलकेच वरखाली. पिठाचा एक थेंब वरच्या चोचीच्या आतल्या कडेला लावा आणि थांबा. जीभ हलली, थेंब चाटला गेला की दुसरा. पीठ ४०-४१ अंशांच्या जवळ ठेवा, ऊब हीच त्याला ओळखीची खूण आहे. दहा मिनिटांत काही झालं नाही तर ठेवून द्या आणि तासाभरानं पुन्हा. पहिल्या दिवशी दोन-तीन मिली गेले तरी सुरुवात चांगली. मात्र रोज सकाळी वजन करा. एका दिवसात पाच टक्के घटलं तर नळीनं भरवण्यासाठी डॉक्टरांकडे न्या, आणि शिकवणं सोबत चालू ठेवा.

प्रश्न : पीठ घेत नाही तर गाईचं दूध, लहान बाळांचं तयार अन्न किंवा उकडलेलं अंडं कुस्करून द्यावं का? घरात शिल्लक अँटिबायोटिक सिरप आहे.

उत्तर : दूध नको, पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात आणि त्यात पाणी जातं. बाळांच्या अन्नात पिल्लाला लागणारी प्रथिनं आणि कॅल्शियम पुरेसं नसतं. काहीच हाताशी नसेल तर एखाद-दुसऱ्या वेळेपुरते पोपटांचे पेलेट बारीक दळून, गाळून, गरम पाण्यात अर्धा तास फुगवून द्या. अंडं आजारी, पिशवी मंदावलेल्या पिल्लाला जड. सिरप टाकून द्या.

प्रश्न : दोन पिल्लं एकाच खोक्यात आहेत, एक आजारी पडलं. वेगळं ठेवावं का? वेगळं केलं की ते एकटं पडून आणखी सुकतं असं वाटतं.

उत्तर : वेगळं ठेवा, आणि आजच. एकटेपणासाठी त्याच्याजवळ गुंडाळलेल्या फडक्याची मऊ वळकटी ठेवा, ते तिला टेकून झोपेल. भरवताना आधी निरोगी, मग आजारी. सिरिंज, चमचा, वाटी दोघांची स्वतंत्र, आणि पीठ एकाच वाटीतून दोघांना कधीच नाही. वापरलेली प्रत्येक वस्तू आधी साबणानं घासून धुवा, कारण पीठ चिकटलेलं असेल तर जंतुनाशक खाली पोहोचत नाही. मग घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग अशा द्रावणात दहा मिनिटं बुडवा, भरपूर पाण्यानं खळबळून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. सिरिंजचा दट्टा काढूनच धुवायचा. रबराच्या खोबणीत राहिलेलं पीठ बाहेरून दिसत नाही.

निरोगी दिसणाऱ्या पिल्लाचंही वजन रोज सकाळी, पिशवी रिकामी असताना, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर करून लिहून ठेवा. आजार दिसण्याआधी एक-दोन दिवस काटा सांगतो. आजारी पिल्लाची विष्ठा पोपटी-हिरवी असेल, डोळ्यांतून किंवा नाकातून पाणी येत असेल तर डॉक्टरांना सिटॅकोसिस या पक्ष्यांच्या जंतुसंसर्गाची तपासणी विचारा. हा आजार माणसांनाही होतो. तपासणी होईपर्यंत मास्क लावा, वाळलेली विष्ठा झाडू नका, ओल्या कागदानं पुसून घ्या. घरात कोणाला ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला सुरू झाला तर त्यांच्या डॉक्टरांना घरात आजारी पोपट आहे हे आवर्जून सांगा. पिल्लाला हा आजार निघाला तर औषध बहुधा ४५ दिवस चालतं. ते आठव्या दिवशी खायला लागलं, टवटवीत दिसलं, तरी मधेच बंद करू नका, आणि कॅल्शियमचा वेगळा डोस त्या काळात विचारल्याशिवाय देऊ नका. त्यानं ते औषध शोषलं जात नाही.